दीड सेकंद

फेब्रुवारी लागला की आमच्या भागात आभाळातून राख पडते. ऊस तुटून गेला की रानात पाचट पेटवतात, त्याची ही राख. काळी, बोटभर लांब, वळलेली. वाळत घातलेल्या चादरीवर पडते, दह्याच्या पातेल्यात पडते, आणि प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या राहिल्या तर मुलांच्या जर्नलवर पडते. बोटानं पुसायला गेलं की कागदावर रेघ उमटते. सत्तावीस वर्षं मी एकच वाक्य ओरडत आलोय, "हात लावू नका रं, फुंकर मारा."

राखेचं पडणं बघत बसावं असं असतं. ती सरळ खाली येत नाही. थबकते, कडेला झुकते, मधेच चार बोटं वर जाते, मग विचार बदलल्यासारखी खाली येते. त्याच उंचीवरून खडा सोडला तर तो केव्हाच जमिनीवर आपटलेला असतो. हवा दोघांनाही अडवते, पण खड्याच्या बाबतीत आम्ही ते मनावर घेत नाही. भौतिकशास्त्राच्या गणितात एक वाक्य ठरलेलं असतं: हवेचा विरोध नगण्य मानू. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा बायकोचं नावही उच्चारलं नसेल. नगण्य मानलं की गणित सुटतं. न मानलं तर सुटत नाही, आणि न सुटणारं गणित वर्गात नेणारा मास्तर मुलांना आवडत नाही.

हा महिना प्रात्यक्षिक परीक्षांचा. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागोमाग एक, त्यांच्यावर गाणी लावलेली, चाकांखाली चिरडलेल्या उसाचा आंबूस गोड वास. व्हरांड्यात खाकी कव्हर घातलेली जर्नलं घेऊन पोरं उभी, "सर, एवढी एकच सही." वर्षभर तोंड न दाखवलेली पोरं या महिन्यात फार नम्र होतात. माझी एक वाईट खोड होती. सही करताना मी काहीतरी बोलायचो. "वर्षभर कुठं होतास रं? कक्षा सोडून गेलेला उपग्रह तू." सगळी हसायची. ज्याला बोललो तोही हसायचा. त्याच्या हसण्याकडे मी कधी नीट पाहिलं नाही.

मला या महिन्याची भीती वाटते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुळात मी फारसं काही कुणाला सांगत नाही. वर्गात बोलणारा माणूस घरी गप्प असतो, यावर आमच्या घरातल्यांनी फार पूर्वीच समाधान मानलं. पण यंदाच्या फेब्रुवारीत असं काही झालं की गप्प राहण्याची माझी लायकी संपली. म्हणून लिहितोय.

यंदा मला शिराळ्याला बाहेरचा परीक्षक म्हणून पाच दिवस जायचं होतं. सकाळी मलकापूर फाट्यावर उभा होतो. एसटी आली ती दारापर्यंत भरलेली. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि आतून आवाज आला, "सरका! पुढं सरका! आवं काका, तुमालाच म्हनते, मधी काय देव बसलाय का, सरका की!" बाईचा आवाज. खणखणीत, घासलेला, मागच्या बाकापर्यंत जाऊन काचेवर आपटून परत येणारा. माणसं सरकली. मी आत शिरलो. तिकिटाचं यंत्र छातीशी धरून ती कंडक्टर माझ्यासमोर आली. "कुटं?" म्हणाली. मी शिराळा म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिकीट फाडलं, सुटे पैसे हातावर ठेवले आणि पुढे गेली.

ती रूपाली होती. मी तिला चौदा वर्षांनी पाहत होतो. तिचा आवाज तर मी त्या दिवशी जवळजवळ पहिल्यांदाच ऐकला.

*

चौदा वर्षांपूर्वी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात माझा एक तास प्रसिद्ध होता. मी त्याला जोडतास म्हणायचो. भौतिकशास्त्र एकटं शिकवायचं नाही, दुसऱ्या विषयाला जोडून शिकवायचं. फळ्यावर डावीकडे "भौतिक" लिहायचं, उजवीकडे दुसरा विषय, मधे अधिकचं चिन्ह. भूगोलाला जोडून मी पोरांना सांगितलं की पाटणच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस माणदेशात पोचेपर्यंत कोरडा का होतो, वर चढणारी हवा गार कशी होते आणि उतरणारी गरम कशी. इतिहासाला जोडून गडावरच्या तोफेचा गोळा कुठं पडेल ते काढलं. खेळाच्या मास्तरांना मैदानात उभं करून दाखवलं की पैलवान गुडघ्यात का वाकतो आणि खो-खोचा गडी खांबाला धरून का वळतो. गाण्याच्या बाईंची पेटी प्रयोगशाळेत आणली. पोरं मला वायरमन म्हणायची. कशालाही कशाची जोडणी करतो म्हणून. मला ते नाव आवडायचं. व्हरांड्यातून "वायरमन आलं रं" असं कुजबुजणं ऐकू आलं की मी पाय मुद्दाम हळू टाकायचो.

चांगली पद्धत होती, हे मी आजही म्हणतो. ज्या पोराला सूत्र कळत नव्हतं त्याला मैदानात ते कळलं. पण जोडायची चटक लागली की माणूस काय जोडतोय ते बघत नाही. वर्गात एक मुलगा पोलिओनं लंगडत चालायचा. गुरुत्वमध्य शिकवताना मी त्याला पुढे बोलावून चालायला लावलं. "बघा, प्रत्येक पावलाला याला गुरुत्वमध्य सावरावा लागतो. आपल्याला फुकट मिळतं, याला कमवावं लागतं." मी हे कौतुकानं बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. एक मुलगी अडखळत बोलायची. तिला मी वारंवारता समजावण्यासाठी वापरलं. वर्ग हसला. हसणारा वर्ग म्हणजे समजलेला वर्ग, असा माझा हिशेब होता.

रूपाली कुणाला हसत नव्हती. ती दुसऱ्या बाकावर भिंतीकडच्या टोकाला बसायची. तिची माणसं मूळची आटपाडीकडची, मेंढरं राखणारी. वडिलांनी मेंढरं भावाकडे सोपवली आणि ते विहिरी खोदणाऱ्या टोळीबरोबर फिरू लागले. ते गेल्यावर आई रूपालीला घेऊन मलकापूरजवळ आली, उसातलं तण काढायला, भांगलणीला जाऊ लागली. घरात बारावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. तिला पुढे विज्ञानच घ्यायचं होतं. गणितात तिच्या जवळ जाणारं वर्गात कुणी नव्हतं. फळ्यावर गणित पडलं की इतरांचं "दिलेले, काढायचे" लिहून होईस्तोवर तिचं उत्तर आलेलं असायचं. पण तोंडानं सांगायची नाही. वही माझ्याकडे फिरवून धरायची. मी म्हणायचो, "हिला आवाजाचं बटणच बसवलेलं नाही." यावरही वर्ग हसायचा.

त्या फेब्रुवारीत जिल्ह्याहून दोन माणसं माझा जोडतास बघायला येणार होती. भूगोल झाला होता, इतिहास झाला होता. मला काहीतरी नवं हवं होतं. मराठीला भौतिक कसं जोडायचं?

मराठीला पाटणकर बाई होत्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, तोंडानं फटकळ, मुलांसाठी जीव टाकणाऱ्या. त्यांनी बारावीला "माझ्या आयुष्यातला एक दिवस" हा निबंध लिहायला दिला होता. वह्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या टेबलावर पडला होता. मला तास नव्हता. मी सहज वरची वही उघडली. ती रूपालीची निघाली.

निबंध दोन पानांचा होता. पहिल्या पानावर माणदेशातलं एक गाव, मार्च महिना, साठ फूट खोल गेलेली विहीर. काठावर क्रेन, क्रेनला लोखंडी बादली, बादलीत फोडलेला दगड भरून वर यायचा. खाली वडील आणि आणखी एक गडी. वर येणाऱ्या बादलीतून एक दगड निसटला. बाईंनी एका वाक्याखाली लाल शाईनं रेघ ओढून "सुंदर" लिहिलं होतं: "दगड बादलीच्या काठावरून हळूच खाली गेला, जसं कुणी त्याला नावानं बोलावलं होतं." त्या दगडानं तिचे वडील गेले. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

दुसऱ्या पानाबद्दल पुढे सांगतो.

*

एसटीत दुसऱ्या दिवशी मला खिडकीची जागा मिळाली. कासेगावच्या पुढे गर्दी ओसरली. रूपाली येऊन माझ्या बाकाला टेकून उभी राहिली.

"सर, वळकलं न्हाई जनू."

"ओळखलं की."

"मग काल का न्हाई बोललासा?"

मी खिडकीची काच सरकवायला गेलो. ती म्हणाली, "मीबी न्हाई बोलले. फिट्टंफाट."

पलीकडच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती, मांडीवर कोंबडीची पाटी. तिनं विचारलं, "ह्ये तुझं मास्तर व्हय गं?"

"व्हय मावशी. फिजिक्सचं."

"लय मारत हुतं का?"

"न्हाई वो," रूपाली म्हणाली. "कवा बोटबी लावलं न्हाई."

म्हातारीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "अशी मास्तरं आता ऱ्हायली न्हाईत," ती म्हणाली. पेठनाका आला. रूपालीनं दोरी ओढली.

*

तो जोडतास. वर्गात मागे दोन खुर्च्या, त्यांवर जिल्ह्याहून आलेले दोघे. पाटणकर बाई दारात, कारण फळ्यावर मराठीचं नाव होतं. पण मी काय घेणार आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, तुमच्यातल्याच कुणीतरी निबंधात एक सुंदर वाक्य लिहिलंय. आणि ते दगडाचं वाक्य वाचून दाखवलं. नाव घेतलं नाही. नाव न घेणं म्हणजे सभ्यपणा, असं मला वाटत होतं. मग म्हणालो, हे वाक्य सुंदर आहे, पण भौतिकशास्त्राला "हळूच" हा शब्द चालत नाही. दगड हळूच पडत नाही. किती वेगानं पडतो ते काढू. आणि फळ्यावर लिहिलं: विहीर साठ फूट. वरून दगड सुटला. वर उभ्या असलेल्या माणसानं तो सुटताना पाहिला आणि लगेच हाक मारली. खालच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ होता का? हवेचा विरोध नगण्य मानू.

मागच्या बाकावर रूपालीच्या गावचा एक पोरगा होता. तो म्हणाला, "सर, ह्ये तर हिच्या..." आणि थांबला. मी ऐकलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आधी एका मुलाला फळ्यावर बोलावलं. तो फुटांचे मीटर करताना चुकला. वेळ जात होता, मागचे दोघे घड्याळाकडे बघत होते. मी म्हणालो, "रूपाली, ये. तू सोडव."

ती उठली. मला वाटलं होतं की ती मान हलवेल. वर्गालाही वाटलं असावं. पण फळ्यावर बोलावलं की जायचं, मास्तरांना नाही म्हणायचं नाही, एवढंच त्या घरानं तिला शिकवलेलं. तिनं खडू घेतला. साठ फूट म्हणजे अठरा पूर्णांक तीन मीटर. दगडाला खाली पोचायला एक पूर्णांक त्र्याण्णव सेकंद. हाक खाली पोचायला शून्य पूर्णांक शून्य पाच सेकंद. ऐकून अंग हलवायला माणसाला लागणारा वेळ मी तोंडी सांगितला, चार दशांश धर. तिनं धरला. वजाबाकी केली. वर्गात खडूचा आवाज तेवढा होता. तिनं उत्तर लिहिलं, साधारण दीड सेकंद, आणि फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली.

"आता निष्कर्ष सांग," मी म्हणालो.

ती बोलली नाही.

"एवढं गणित केलंस, निष्कर्ष सांग की." मग मागच्यांकडे बघत मी स्वतःच तिच्या हातातला खडू घेतला आणि उत्तराभोवती चौकट ओढली. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. मी म्हणालो, "दीड सेकंद पुष्कळ असतो. खालचा माणूस दोन पावलं बाजूला झाला असता. वेळ होता. वरच्यानं तोंड उघडलं नाही, एवढंच."

मागच्या खुर्चीवरचे एकजण म्हणाले, "वा! काय जिवंत उदाहरण घेतलंत."

रूपाली जागेवर जाऊन बसली. रडली नाही. तिनं वही उघडली आणि फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घेतलं, चौकटीसकट.

तास सुटल्यावर पाटणकर बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत गाठलं. ती वही त्यांनी छातीशी धरली होती. "ह्या वह्या मी तपासायला ठेवल्या होत्या, सर. तुम्हाला चरायला नव्हे." मी म्हणालो, नाव कुठं घेतलं मी? बाई म्हणाल्या, "दुसरं पान वाचलंत तुम्ही? वर उभा असलेला माणूस कोण होता, माहीत आहे? ती होती. भाकरी घेऊन गेलेली. दगड निसटताना तिनं एकटीनं पाहिला."

मी खाली बसलो. म्हणालो, "बाई, शप्पत सांगतो, घंटा झाली म्हणून मी पहिल्या पानावरच वही मिटली. दुसरं पान मी उलटलंच नाही हो."

बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "मग ते तिला सांगा," म्हणाल्या. "निदान तेवढं तरी सांगा."

मी सांगितलं नाही. शेवटी बाईंनीच सांगितलं असणार. वही त्यांनी त्याच दिवशी रूपालीला परत दिली. ती पुन्हा माझ्या हातात आली नाही.

*

त्यानंतर दहा दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. प्रयोग चिठ्ठ्या उचलून मिळतात. टेबलावर घडी घातलेल्या चिठ्ठ्या पसरायच्या, पोरानं डोळे मिटून एक उचलायची, त्याच्या नशिबात मीटरब्रिज की लोलक ते ठरायचं. रूपाली दहा दिवस वर्गात आली नव्हती, परीक्षेला आली. तिनं चिठ्ठी उचलली, उलगडली, माझ्यासमोर धरली. अनुनाद नळी. नळीत पाणी, वर कंप पावणारा नादकाटा, पाणी खालीवर करत आवाज कुठं घुमतो ते ऐकायचं आणि त्यावरून हवेतल्या आवाजाचा वेग काढायचा. हाक किती वेगानं जाते, ते.

चिठ्ठी बदलून देणं माझ्या हातात होतं. पुढाऱ्यांच्या पोरांना मी दोनदा बदलून दिली होती. कुणाला कळत नाही, चिठ्ठ्या मास्तरांच्याच हातात असतात. मी म्हणालो, "टेबल चार."

ती उंच नळीवर वाकून उभी होती. अरुंद, खोल, तळाला पाणी. नादकाटा रबरावर आपटायची, नळीच्या तोंडाशी धरायची, कान लावायची. खिडकीतून राख येत होती आणि तिच्या वेणीवर बसत होती. तिचे आकडे इतके स्वच्छ आले की बाहेरचे परीक्षक मला म्हणाले, ही मुलगी आकडे बनवत नाही हो, खरेच घेते. मग तोंडी परीक्षा. त्यांनी सोपा प्रश्न विचारला, "हवेत आवाजाचा वेग किती?" तिनं तो पाच मिनिटांपूर्वी स्वतः काढला होता. ती गप्प. "बरं, आवाज म्हणजे काय?" गप्प. "बाळ, काहीतरी बोल, मला गुण द्यायचेत तुला." ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी शेजारीच बसलो होतो. मी म्हणू शकलो असतो, सर, हिचं राहू द्या, ही लिहून देईल. मी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

तोंडीच्या रकान्यात शून्य पडलं. बारावी ती पास झाली, विज्ञान सोडून गेली. पुढचं मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नाही.

आणखी एक सांगतो. ते गणित मी टाकलं नाही. पुढच्या वर्षांत शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी तेच गणित नमुना म्हणून घेत राहिलो. सांगलीत घेतलं, लोणंदला घेतलं. गणित चांगलं होतं. प्रत्येक वेळी चौकट ओढली की समोरच्या बाकांवर श्वास रोखल्याचा आवाज यायचा. त्या आवाजासाठी मास्तर काय वाटेल ते करतो.

*

शिराळ्याला पाचव्या दिवशी माझं काम संपलं. चार रात्री मी मनात काही जुळवून ठेवलं होतं. परतीची एसटी दुपारची, अर्धी रिकामी. रूपाली यंत्रातली तिकिटं मोजून झाल्यावर पुढच्या बाकावर बसली होती. मी उठून तिच्या मागच्या बाकावर गेलो.

"रूपाली, ते गणित चुकलं होतं."

तिनं मागे वळून पाहिलं. कुठलं, असं विचारलं नाही. "कुटं चुकलं?" म्हणाली. "म्या लय वेळा करून बघितलंय, सर. डेपोत बसून करते, कुटंबी करते. दीडच येतो."

"गणित बरोबर, धरलेलं चूक," मी म्हणालो. वर्गात सुटतो तसा सुटलो. किती वर्षांनी खरं बोलायला मिळत होतं. "वरच्यानं पाहिलं आणि त्याच क्षणी हाक मारली असं मी धरलं. तसं होत नाही. काय होतंय ते कळायलाच मोठ्या माणसाला सेकंद जातो. ती तर आठ वर्षांची पोर. आणि हाक मारली असती तरी क्रेनच्या इंजिनाच्या आवाजात ती खाली गेलीच नसती. आणि खाली गुडघाभर चिखल होता, गुडघाभर चिखलात माणूस दीड सेकंदात पाय तरी उपसतो का? मी हे सगळं सोडून दिलं. नगण्य मानलं. तुझ्या हातात काही नव्हतं, रूपाली. शास्त्रानं सांगतो, काही नव्हतं."

तिचा चेहरा क्षणभर सैल झाला. मी तो पाहिला. चौदा वर्षांनी कुणीतरी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला हात लावला होता, आणि तो हात माझा होता, याचा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मला अभिमानच वाटला.

मग तिच्या कपाळावर एक आठी आली.

"इंजिन चालू हुतं," ती हळू म्हणाली. "चिखल हुता. गुडगाभर." ती माझ्याकडे बघत होती. "ह्ये तुमाला कुनी सांगितलं, सर? ह्ये मी दुसऱ्या पानावर लिवलं हुतं."

एसटी खड्ड्यातून गेली. आम्ही दोघांनीही बाक धरला.

"बाई म्हनल्या हुत्या मला," ती म्हणाली. "सरांनी दुसरं पान वाचलंच न्हाई, म्हनल्या. न कळत झालं त्यांच्या हातनं. त्यावरच मी... म्हनलं, जाऊ दे. न कळत तर माज्याबी हातनं झालं." तिनं यंत्राचा पट्टा खांद्यावर नीट केला. "खरं सांगा. वाचलं हुतं का?"

पाटणकर बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

"बाईंनीच सांगितलं असेल नंतर कधीतरी," मी म्हणालो.

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. तोंडी परीक्षेत पाहिलं होतं, तसंच. "आसंल," म्हणाली. मग उठली. मलकापूर फाटा आला होता, दारात चौघे-पाचजण अडून उभे होते. ती त्यांच्यावर ओरडली, "सरका! उतरनाऱ्यांना वाट द्या, सरका!" मी त्या वाटेनं उतरलो. मागे दोन घंटा झाल्या. एसटी गेली.

*

आता दुसरं पान.

मी ते वाचलं होतं. घंटा झाली नव्हती. माझ्याकडे पूर्ण मोकळा तास होता आणि मी ते पान दोनदा वाचलं. त्यात इंजिन होतं, चिखल होता, हातातलं भाकरीचं फडकं होतं. क्रेनवाल्याची पाठ तिच्याकडे होती. शेवटचं वाक्य असं होतं: "मला 'आबा, सरका' एवढंच म्हणायचं होतं, पण ते दोन शब्द अजून माझ्या तोंडातच आहेत." त्याखाली बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं. रेघही नव्हती. लाल शाईचा एक ठिपका होता, पेन टेकवून उचललेला.

बाई जिथं थांबल्या तिथून माझं गणित सुरू झालं. ते वाक्य वाचून माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. दोन शब्दांना किती वेळ लागतो, हा प्रश्न होता. मी शेजारच्या रद्दी कागदावर साठ फुटांचे मीटर केले. इंजिन आणि चिखल गणितात बसत नव्हते, उत्तर बिघडवत होते, म्हणून काढून टाकले. वरच्या माणसाचं वय काढून टाकलं. मग उत्तर छान आलं. आणि तिलाच फळ्यावर बोलवायचं हेही मी तेव्हाच ठरवलं होतं. आधी जो मुलगा चुकला, तो चुकेल हे मला माहीत होतं.

आज सकाळी अंगणात राख पडली आहे. बायकोनं झाडू घेतला तेव्हा मी म्हणालो, राहू दे. ती माझ्याकडे बघून आत गेली. मी इथं बसून आणखी एक गणित करतोय, शेवटचं. रूपालीनं "वाचलं हुतं का" विचारलं, आणि मी उत्तर दिलं. या दोहोंमध्ये एसटी एका विजेच्या खांबापासून दुसऱ्याच्या थोडी अलीकडे गेली. वेग आणि अंतर धरून मी ते काढलं. दीड सेकंद नाही, त्याच्या दुप्पट निघाला. "हो" म्हणायला पाव सेकंद लागतो. इंजिनाचा आवाज होता, पण ती हातभर अंतरावर होती. माझे पाय चिखलात नव्हते. वरून काही पडत नव्हतं.

आणि मी आठ वर्षांचा नव्हतो.